दबलेले अंग, तुटलेली कंडरा, फाटलेली त्वचा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि लगतच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे उशिरा निजली होती. २-३ फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांनी तोललेले मातीचे माळवद, अशी या भागातील घरांची पारंपरिक घडण. उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब देणारे हेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांच्या अंगावर आले. शासकीय नोंदीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

या आपत्तीच्या पुनर्वसनाविषयी व भूकंपरोधक बांधकामाविषयी विपुल लिहिले गेले आहे. ढिगाऱ्याखाली सापडलेल्या देहात प्रत्यक्ष काय घडते, हा विषय मात्र बहुधा वैद्यकीय ग्रंथांतच राहतो. प्रस्तुत लेखक त्या वेळी नांदेडला शाळकरी विद्यार्थी होता; मांडणीवरच्या भांड्यांच्या खणखणाटाने जागे झाल्याचे त्याला अजून आठवते. पुढे शिक्षण कला शाखेत झाल्यामुळे शरीरशास्त्राशी परिचय फार उशिरा, कामाच्या निमित्ताने झाला. तो झाल्यावर असे वाटू लागले की, ही माहिती सर्वप्रथम ज्यांच्याकडे असावयास हवी ते म्हणजे तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य होत. कारण अपघाताच्या जागी डॉक्टरांच्या आधी तेच पोहोचतात. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने नांदेड जिल्ह्यातील गावेही घराबाहेर आली होती. तेव्हा हा विषय निव्वळ इतिहासाचा नव्हे.

स्नायू : रक्तावाचून न तगणारा

आपल्या शरीरात ६०० हून अधिक स्नायू आहेत आणि प्रौढ माणसाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. स्नायू म्हणजे केसाहूनही बारीक अशा तंतूंच्या जुड्या. प्रत्येक तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांच्या तारा एकीआड एक बसविलेल्या असतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत सैल गुंतवून ती आत सरकवावीत, त्याप्रमाणे या तारा एकमेकींवर सरकतात आणि स्नायू आखूड होतो. १९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी ही रीत उलगडून दाखविली. गंमत अशी की, दोन्ही गटांच्या प्रमुखांचे आडनाव हक्स्ली होते आणि त्यांचे परस्परांशी नाते काहीच नव्हते.

ही सरकासरकी फुकट होत नाही. स्नायूला प्राणवायू आणि इंधन सतत लागते व ते रक्तातून येते. रक्त थांबले तर सुमारे ४ तासांपर्यंत स्नायू कसाबसा तग धरतो; ६ ते ८ तासांनंतर त्याची हानी बहुधा भरून न येणारी असते. त्वचा आणि हाड याहून अधिक वेळ टिकून राहतात. म्हणूनच पायावर तुळई पडून राहिलेल्या माणसाची कातडी वरून जवळजवळ धड दिसते आणि आतला स्नायू मात्र मरत असतो. वरून दिसणाऱ्या जखमेवरून आतल्या हानीचा अंदाज बांधणे किती फसवे आहे, हे यावरून ध्यानी यावे.

मरणाऱ्या स्नायुतंतूंचे आवरण झिरपू लागते. पेशींच्या आत साठवलेले पोटॅशियम आणि स्नायूला लाल रंग देणारे मायोग्लोबिन बाहेर पडते. अंग दबलेले असते तोवर ही घाण बरीचशी तेथेच अडकून राहते. ओझे उचलले की थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते आणि तो सारा साठा एकदम शरीरभर पसरतो. पोटॅशियम वाढल्याने हृदयाची लय बिघडते, प्रसंगी हृदय थांबते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत अडकते. लघवी चहाच्या काढ्यासारखी तपकिरी होते आणि पुढे थांबते. त्याच वेळी रक्तातले पाणी जखमी स्नायूंत शिरून ते फुगतात आणि रक्तदाब उतरतो. ढिगाऱ्यातून बोलत-चालत बाहेर काढलेला माणूस काही तासांनी किंवा चार दिवसांनी दगावतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

या विकाराचे पहिले बारकाईचे वर्णन दुसऱ्या महायुद्धातील आहे. बाँबवर्षावात कोसळलेल्या लंडनच्या घरांखालून काढलेल्या चार रुग्णांचा अभ्यास करून एरिक बायवॉटर्स व डेस्मंड बील यांनी १९४१ साली ते प्रसिद्ध केले. डिसेंबर १९८८ मधील आर्मेनियाच्या भूकंपात मूत्रपिंड निकामी झालेल्यांची संख्या इतकी झाली की डायलिसिसची यंत्रे अपुरी पडली, आणि त्या अनुभवातून मूत्रपिंडतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय मदत यंत्रणा उभी राहिली. ऑगस्ट १९९९ मधील तुर्कस्तानच्या मार्मारा भूकंपात अशा ६३९ रुग्णांची नोंद झाली. पैकी ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले.

येथे एक फरक सांगणे अगत्याचे आहे. सिमेंट-काँक्रीटची इमारत पडते तेव्हा तुळया व स्लॅब यांच्या आडोशाला पोकळ्या राहतात आणि माणूस अंग दबलेल्या स्थितीत पुष्कळ वेळ जिवंत राहू शकतो. दगडमातीचे घर पडते तेव्हा त्याचा चुरा होतो. माती प्रत्येक फट भरून काढते आणि श्वास कोंडून मृत्यू लवकर येतो. किल्लारीच्या घरांची घडण दुसऱ्या प्रकारची होती. आज मराठवाड्यातील गावोगावी स्लॅबची घरे उभी राहिली आहेत, ही प्रगतीच होय. तथापि त्यामुळे पुढील आपत्तीत दबलेल्या अवस्थेत जिवंत सापडणाऱ्यांचे प्रमाण अधिक असेल, हेही गृहीत धरले पाहिजे.

यावरील उपाय महागडा नाही. ओझे उचलण्यापूर्वीच शिरेतून सलाईन सुरू करणे आणि बाहेर काढल्यावर लघवी वाहती राहील इतके ते देत राहणे, हा उपचाराचा गाभा होय. नेहमीच्या वापरातील रिंगर लॅक्टेट या द्रावणात पोटॅशियम असते, म्हणून येथे ते टाळतात. गावकऱ्यांनी एवढे करावे : अंग किती वाजल्यापासून दबले आहे ती वेळ लिहून ठेवावी, १०८ क्रमांकावर कळविताना, ‘माणूस जखमी आहे’ एवढेच न सांगता, ‘मांडी तीन तासांपासून दबलेली आहे’ असे सांगावे, वैद्यकीय पथक पोहोचले असेल तर त्याच्या सूचनेवाचून ओढाताण करू नये. मात्र वरून आणखी भिंत पडण्याचा किंवा आगीचा धोका असेल, अथवा पथक येण्याची शक्यताच नसेल, तर वाट पाहत बसू नये, माणसाला बाहेर काढावे. १०८ रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली. लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ चे. भूकंपाच्या वेळी या दोन्ही गोष्टी नव्हत्या. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेवढे १९८८ पासून होते.

घट्ट बांधलेली खपाटी

भूकंप रोज होत नाही, परंतु त्याच तत्त्वावर घडणारी एक लहान आपत्ती आपल्या खेड्यांत नित्य घडते. हातापायांतील स्नायूंचे गट चिवट पडद्याच्या पिशव्यांत गुंडाळलेले असतात. हाड मोडले वा जबर मुका मार बसला की आत सूज व रक्तस्राव होतो. पिशवी ताणत नाही, दाब वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्या मिटतात. बाहेरून कसलेही ओझे नसताना स्नायू आतल्या आत दबून मरू लागतो. त्यातच वरून बांबूच्या खपाट्या किंवा प्लास्टर घट्ट बसविले असेल तर विचारावयासच नको. लहान मूल झाडावरून पडते, कोपराजवळ हाड मोडते, हात आवळून बांधला जातो, मूल रात्रभर रडते आणि घरचे ‘हाड बसते आहे, दुखणारच’ म्हणून समजूत घालतात. काही महिन्यांनी बोटे आत वळून आखडलेली दिसतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले, आणि आजही त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते.

हाडवैद्यांवर गावाचा विश्वास आहे. त्यांतील कित्येकांच्या हाताला गुण आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न बांधणाऱ्याच्या कौशल्याचा नसून बांधल्यानंतरच्या रात्रीचा आहे. वेदना इजेच्या मानाने फार असणे व वाढत जाणे, बोट हलकेच सरळ करताच ओरडणे, बोटांना मुंग्या येणे किंवा ती बधिर होणे, ही लक्षणे दिसताच बांधलेले सर्व काही, मग ते हाडवैद्याचे असो वा रुग्णालयाचे, तत्काळ पूर्णपणे सैल करवून शल्यचिकित्सकाकडे जावे. आवश्यक वाटल्यास ते तो पडदा चिरून दाब मोकळा करतात. हे काही तासांत व्हावे लागते. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी ही फार उशिराची वेळ ठरते. मनगटावर नाडी लागते आहे म्हणून निश्चिंत राहू नये. मोठी रक्तवाहिनी पुष्कळदा शेवटपर्यंत वाहती असते.

स्नायू स्वतःची दुरुस्ती करू शकतो, ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट. प्रत्येक तंतूच्या कडेला काही पेशी निद्रिस्त पडून असतात. १९६१ साली अलेक्झांडर मौरो यांनी त्या प्रथम पाहिल्या. इजा झाली की आधी पांढऱ्या पेशी येऊन मेलेला भाग उचलतात, मग या पेशी जाग्या होतात, वाढतात आणि एकमेकींत मिसळून नवे तंतू तयार करतात. उसाच्या हंगामातील पहिल्या चार दिवसांत अंग आंबून जाते आणि पुढे तेच काम सोसू लागते, यामागे अशीच किरकोळ मोडतोड व दुरुस्ती असते. हानी मोठी असेल तर मात्र रिकाम्या जागी व्रणाचा धागा भरतो आणि व्रण आकुंचन पावत नाही.

कंडरा : बोटांना स्नायू नसतात

एक गोष्ट पुष्कळांना आश्चर्याची वाटेल. आपल्या बोटांत बोट वाकविणारा स्नायू नाही. बोटे वळतात ती मुख्यतः कोपरापासून मनगटापर्यंतच्या स्नायूंमुळे. त्या स्नायूंचे बळ बोटांपर्यंत पोहोचते ते लांब, पांढऱ्या, चकचकीत दोऱ्यांतून. याच कंडरा. मनगटावर बोटे ठेवून मूठ उघडझाप करावी, म्हणजे त्या सरकताना जाणवतात. कंडरा मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या समांतर धाग्यांची असते. टाचेमागची कंडरा शरीरातील सर्वांत जाड व बळकट होय. तिच्यात जिवंत पेशी थोड्या, रक्तवाहिन्या त्याहून थोड्या. त्यामुळे ती मरत नाही लवकर, आणि भरूनही येत नाही लवकर.

प्रस्तुत लेखकाच्या उजव्या हाताच्या अनामिकेचे शेवटचे पेर वाकत नाही. लहानपणी गवत कापताना विळा लागला, जखमेला दोन टाके घातले गेले, आठ दिवसांत कातडी जुळली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बोट वाकवून दाखव, असे मात्र त्या दिवशी कोणी म्हटले नाही. कंडरा तुटली की स्नायू तिचे वरचे टोक ताणलेल्या रबराप्रमाणे आत ओढून नेतो. जखमेत ते दिसतही नाही. वरची त्वचा शिवली की खालचा दोष झाकला जातो. पहिल्या काही दिवसांत टोके शोधून जोडता येतात. महिने लोटल्यावर स्नायू आखडतो, मार्ग बुजतो आणि सोपे काम अवघड होते. लेखकाचे काम लेखणीवर भागते. ज्याचे पोट कोयत्यावर आहे त्याला एका पेराची किंमत वेगळी पडते. म्हणून हातावर विळ्याची, कोयत्याची वा काचेची जखम झाली की टाके पडण्यापूर्वी प्रत्येक बोटाचे प्रत्येक पेर वेगवेगळे वाकवून आणि सरळ करून पाहावे, टोकाला स्पर्श कळतो का तेही पाहावे. ही तपासणी शाळेतील शिक्षकालाही करता येते.

जोडलेली कंडरा ६ ते १२ आठवडे जपावी लागते. अजिबात हलविली नाही तर ती भोवतालच्या भागाला चिकटून बसते. फार ओढली तर टाका तुटतो. या दोहोंमधील वाट दाखविणे हे भौतिकोपचार तज्ज्ञाचे काम होय, आणि ग्रामीण रुग्ण नेमके तेच चुकवतो, कारण शस्त्रक्रिया झाली म्हणजे उपचार संपले अशी समजूत असते.

मळणी यंत्राच्या अपघाताविषयी येथेच सांगितले पाहिजे. सोयाबीनच्या सुगीत बाही वा पदर यंत्रात जातो आणि क्षणात बोट किंवा हात तुटतो. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळून कोरड्या प्लास्टिक पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फमिश्रित पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवू नये. बोटात स्नायू नसल्यामुळे थंड ठेवलेले बोट पुष्कळ तास जोडण्याजोगे राहते. कोपरावरून तुटलेल्या हातात स्नायू असतात, तेथे घड्याळ फार वेगाने धावते. स्नायूच्या भुकेविषयी वर जे सांगितले त्याचाच हा दुसरा पुरावा.

लचक व मुका मार यांविषयी थोडक्यात. पहिले दोन दिवस विश्रांती, थंड पाण्याची घडी आणि अंग उशीवर उंच ठेवणे पुरेसे असते. त्यानंतर हळूहळू हालचाल. ताज्या इजेवर तेल लावून जोराने चोळण्याची पद्धत सोडून द्यावी. कोपर व मांडी या ठिकाणी अशा चोळण्याने स्नायूत चक्क हाड तयार होते आणि सांधा धरतो.

त्वचा

त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव. प्रौढाच्या अंगावर ती दीड ते दोन चौरस मीटर भरते. वरचा थर सुमारे महिनाभरात नवा होतो. खालच्या थरात कोलॅजनचे जाळे, रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. दाब व घर्षण वारंवार झाले की वरचा थर जाड होतो. ऊसतोड कामगाराच्या तळव्यावरील घट्टे हे त्वचेने घेतलेले संरक्षणच होय. भाजण्याची इजा वरच्या थरापुरती असेल तर केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींपासून नवी त्वचा उगवते. दोन्ही थर जळाले असतील तर मध्ये उगवण्यास बीजच उरत नाही. ती जागा फक्त कडांकडून भरते, आवळत जाते किंवा दुसरीकडची त्वचा लावावी लागते. भाजताच २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली अंग धरणे यापलीकडे घरी काही करू नये. टूथपेस्ट, शाई, चहाची पूड यांनी डॉक्टरांना जखमेची खोली दिसत नाही, एवढाच काय तो परिणाम होतो.

त्वचा लावण्याच्या विद्येत महाराष्ट्राचा एक धागा गुंतलेला आहे. इंग्रजी सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा गडी टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या एका परंपरागत वैद्याने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तान्त चित्रासह प्रसिद्ध झाला आणि त्यावरून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली. वैद्याचे मर्म एवढेच होते की, कपाळाची त्वचा पुरती न कापता भुवयांच्या मध्ये एका देठाने जोडलेली ठेवली, म्हणून तिचे रक्त चालू राहिले. त्या वैद्याचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

जखम भरण्याची क्रिया ठराविक क्रमाने होते. प्रथम रक्त गोठते. मग दोन-तीन दिवस लाली, सूज व ऊब येते, ती जंतूंशी झगडा चालू असल्याची खूण असते. त्यानंतर लालसर दाणेदार मांस भरते आणि कडेने कातडी सरकते. नवे कोलॅजन बनण्यास क जीवनसत्त्व लागते, आणि ते पेरू-आवळ्यातून स्वस्तात मिळते. जखमेत शेण, माती वा राख भरणे म्हणजे धनुर्वाताचे बीज पेरणे होय. त्याचे जंतू जमिनीत व जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकतात. धनुर्वाताची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. जखम साबणाने व भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे हे मलमापेक्षा अधिक महत्त्वाचे.

आणि शेवटी बळाचा प्रश्न. एका आठवड्यानंतर जुळलेल्या जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के बळ असते, तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के. तीन महिन्यांनी ते ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि त्यापुढे जात नाही. टाके मात्र आठ-दहा दिवसांत निघतात. टाके निघाले की माणूस फडात उतरतो आणि जखम उसवते, असे घडते ते यामुळेच. हंगामात नांदेड-लातूरकडील कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात सहा महिने पालावर असतात. टाके एका जिल्ह्यात पडतात आणि काढले जातात दुसऱ्याच. कोणती कंडरा जोडली, टाके कोणत्या तारखेचे, धनुर्वाताची सुई केव्हा दिली, एवढ्या तीन नोंदींचा कागद मुकादमाच्या वहीत न ठेवता रुग्णाच्या स्वतःच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून दिला जावा. तो कागद मागून घेण्याचे काम गाव सोडण्यापूर्वी ग्रामपंचायतीला करता येईल.